हाताशी असेल त्या गाड्यावर : महायुद्धातील स्वयंचलित तोफांचे प्रयोग

१९४२ साली इजिप्तच्या वाळवंटात ब्रिटिश गोलंदाजांना तोफ डागण्याआधी फावडी हातात घ्यावी लागत. मातीचा एक चढ तयार करायचा, त्यावर गाडी नाक वर करून चढवायची आणि मग मारा सुरू करायचा. गाडीचे नाव बिशप. व्हॅलेंटाइन रणगाड्याचा बुरूज काढून त्या जागी चिलखती पत्र्याची एक उंच, चौकोनी खोली बसवलेली आणि त्या खोलीत २५ पौंडी तोफ. ही तोफ तिच्या नेहमीच्या चाकांच्या गाड्यावर असली की तिचा पल्ला सव्वाबारा किलोमीटर. बिशपच्या खोलीत मात्र नळी १५ अंशांच्या वर जाईना, त्यामुळे पल्ला सहा किलोमीटरच्या आत आला. नळी वर जात नाही ना, मग सगळी गाडीच तिरकी करा! झटपट यावे, मारा करावा आणि झटपट निघून जावे म्हणून जी तोफ रणगाड्यावर चढवली, तिच्यासाठीच खोदकाम करायची पाळी आली.

बिशपची थट्टा तेव्हाही झाली आणि आजही होते. पण तारखा पाहा. जून १९४१ मध्ये बर्मिंगहॅमच्या एका रेल्वे डब्यांच्या कारखान्याला हे काम सांगितले गेले आणि ऑगस्टमध्ये नमुना चाचणीला उभा राहिला. नोव्हेंबरपर्यंत शंभर गाड्यांची मागणीही नोंदवली गेली. एकूण १४९ झाल्या. वाईट होत्या, पण वेळेवर होत्या. जर्मन सेनापती रोमेलच्या रणगाड्यांशी पळापळीची लढाई चालू असताना वेळेवर हाती आलेल्या वाईट तोफेची किंमत काय असते, हे तिथल्या गोलंदाजालाच विचारावे.

दुसऱ्या महायुद्धातल्या स्वयंचलित तोफांविषयी आपण वाचतो तेव्हा नजर जाते ती राक्षसी यंत्रांकडे. ६० सेंटिमीटर व्यासाची नळी, सव्वाशे टनांचे वजन, असे आकडे वाचायला मजा येते. माझे म्हणणे असे की, त्या काळातले कामाचे प्रयोग दिसायला ओबडधोबड होते, आणि ते यशस्वी झाले याचे कारण त्यात नवे फार थोडे होते. आधीपासून बनत असलेली तोफ आणि आधीपासून बनत असलेली चॅसी, म्हणजे गाडीचा पट्ट्यांसकट सांगाडा, यांची सांगड ज्याने लवकर घातली, त्याची सरशी झाली. ज्याने दोन्ही नव्याने करायला घेतले, त्याची गाडी बहुतेक वेळा संग्रहालयात पोहोचली, रणांगणावर नाही.

सांगड घालायची म्हणजे काय, हे थोडे समजून घेऊ. तोफेची नळी वर गेली की तिची मागची बाजू, म्हणजे जिथून गोळा भरतात ती, खाली जाते. रणगाड्याच्या पोटात तिला खाली जायला जागा नसते. तळ आडवा येतो. गोळा सुटला की नळी जोरात मागे येते, तेव्हा मागेही मोकळी जागा हवी. जमिनीवर हा धक्का गाड्याच्या रोवलेल्या शेपटामार्फत मातीत जातो; रणगाड्यावर तो स्प्रिंगा आणि पट्ट्यांवर येतो. शिवाय पाच-सहा माणसे आणि त्यांचे जडजड गोळे. बहुतेक रणगाड्यांचे इंजिन मागे असते आणि उंच कोनातून मारा करणाऱ्या हाउवित्झर तोफेला तर नेमकी मागची बाजू मोकळी हवी असते. म्हणून जर्मनांच्या व्हेस्पे आणि हुम्मेलमध्ये, अमेरिकेच्या एम-१२ मध्ये इंजिनच पुढे सरकवून मधोमध आणावे लागले. तोफ उचलून रणगाड्यावर ठेवली की झाले, असे कोणाला वाटत असेल तर त्याने एकदा बिशपची खोली डोळ्यांपुढे आणावी.

कल्पना काही नवी नव्हती. १९१७ मध्येच ब्रिटिशांनी साठ पौंडी तोफ किंवा सहा इंची हाउवित्झर वाहून नेणारे पट्ट्यांचे वाहन बनवले होते. ४८ झाली आणि बहुतेकांचा उपयोग सामान वाहण्यासाठी झाला. १९२०च्या दशकात व्हिकर्सच्या मध्यम रणगाड्याच्या चॅसीवर १८ पौंडी तोफ बसवून 'बर्च गन' तयार झाली. तिच्यात विमानांवर मारा करण्याचीही सोय होती. सॅलिसबरीच्या माळावर १९२७-२८ मध्ये यांत्रिक दलाचे जे प्रसिद्ध प्रयोग झाले, त्यांत ती होती. पुढे तिला सोडून दिले. तोफखान्याच्या जुन्या अधिकाऱ्यांना तोफ ओढत नेणेच बरे वाटत होते. बर्च गनचा धागा तुटला नसता तर बारा-तेरा वर्षांनी बिशपसाठी मातीचे चढ करावे लागले नसते, असे म्हणायला मला काही अडचण वाटत नाही.

सोव्हिएत संघात १९३०च्या दशकात याहून मोठी धाव घेतली गेली होती. स्याचेंतोव्ह नावाच्या अभियंत्याने हलक्या एसयू-५ पासून महाकाय एसयू-१४ पर्यंत एक मालिकाच आखली होती. १९३७ च्या दडपशाहीत त्याला अटक झाली आणि त्याला गोळी घालण्यात आली; मालिका तिथेच थांबली. त्याच्या एसयू-१४ गाड्या कुबिन्का येथील चाचणी मैदानावर पडून होत्या. नोव्हेंबर १९४१ मध्ये जर्मन मॉस्कोच्या वेशीवर आले, तेव्हा त्या बाहेर काढून शत्रूवर मारा करण्यात आला. फिनलंडच्या युद्धासाठी नौदलाची १३० मिलिमीटर तोफ घालून बनवलेली एसयू-१००वाय नावाची एकुलती एक गाडीही त्यांच्या जोडीला होती. ज्यांच्या निर्मात्याला राज्याने मारले, त्या तोफांनी राजधानी राखायला हातभार लावला.

त्याच शरद ऋतूत गोर्कीच्या कारखान्यात एक लगबग चालू होती. कोम्सोमोलेत्स हा तोफा ओढणारा छोटा ट्रॅक्टर घ्यायचा, त्यावर ५७ मिलिमीटरची रणगाडाविरोधी तोफ बसवायची, मागे जमिनीत रोवायला दोन पाय जोडायचे आणि गाडी थेट आघाडीवर पाठवायची. झिस-३० ही ती गाडी. सुमारे शंभर झाल्या. गोळा सुटला की ट्रॅक्टर डुलायचा, गोलंदाज उघड्यावर, ट्रॅक्टरला वजन पेलवत नाही. तक्रारींची यादी लांब होती. पण तोफ जर्मन रणगाडे फोडत होती. मग ट्रॅक्टरच मिळेनासे झाले आणि प्रयोग संपला.

या सगळ्या हकिगतींत मला सर्वांत लक्षात राहते ती एसयू-७६ ची. हलक्या रणगाड्याच्या लांबवलेल्या चॅसीवर ७६ मिलिमीटरची तोफ, एवढी साधी मागणी. सेम्योन गिन्झबुर्ग या अनुभवी रचनाकाराच्या देखरेखीखाली जी पहिली आवृत्ती निघाली, तिच्यात मोटारीची दोन इंजिने शेजारी-शेजारी होती, एकेका पट्ट्याला एकेक. दोघांचा मेळ बसेना, कंप वाढायचा आणि गिअरबॉक्स व दांडे तुटायचे. गाड्या आघाडीवर पोहोचण्याआधीच वाटेत बसू लागल्या. चौकशी झाली, खापर गिन्झबुर्गच्या डोक्यावर फुटले, त्याला आघाडीवर पाठवले गेले आणि १९४३ मध्ये तो तिथेच मारला गेला. नंतर दोन्ही इंजिने एकामागे एक, एकाच दांड्यावर जोडली गेली आणि वरचे छप्पर काढून टाकले, म्हणजे धुराचाही त्रास संपला. तीच एसयू-७६एम. अशा चौदा हजारांच्या आसपास गाड्या बाहेर पडल्या. टी-३४ रणगाडा वगळता लाल सैन्याकडे इतक्या संख्येने दुसरे कोणतेही चिलखती वाहन नव्हते. शिपाई तिला अश्लील टोपणनावे देत, कारण तिची पाठ उघडी होती. पण शहरातल्या गल्लीत, दलदलीत, जिथे जड रणगाडा रुतायचा तिथे पायदळाबरोबर तीच चालायची.

एसयू-१५२ची गोष्ट उलट आहे. तिथे सगळे एका झटक्यात जमले. स्टालिनग्राडच्या लढाईत जर्मनांचे पक्के मोर्चे फोडायला मोठ्या नळीची तोफ पायदळासोबत हवी, हे कळून चुकले होते. जानेवारी १९४३ च्या पहिल्या आठवड्यात आदेश निघाला. चेल्याबिन्स्कच्या कारखान्यात केव्ही-१एस या चालू असलेल्या रणगाड्याची चॅसी आणि १९३७ पासून बनत असलेली एमएल-२० ही १५२ मिलिमीटर तोफ, दोन्ही तयारच होत्या. रचनाकार कोटिनच्या चमूने सुमारे २५ दिवसांत नमुना चालवून दाखवला आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत गाडी सैन्यात दाखलही झाली. आत जेमतेम वीस गोळे मावायचे आणि एकेक गोळा चाळीस किलोंच्या वर. भरणाऱ्याचे हाल विचारू नका. मोर्चे फोडण्यासाठी बनवलेली ही गाडी जुलैमध्ये कुर्स्कच्या लढाईत टायगर रणगाड्यांपुढे उभी केली गेली. इतका जड गोळा लागला की चिलखत फुटो न फुटो, आतली यंत्रणा मोडून पडे. शिपायांनी तिला 'झ्वेरोबोय', श्वापदे मारणारी, असे नाव दिले. कुर्स्कला अशा गाड्या अगदी मोजक्या होत्या आणि त्यांची कीर्ती त्यांच्या संख्येपेक्षा बरीच मोठी आहे, हेही सांगायला हवे.

जर्मनीकडे वळलो की प्रयोगांचा नुसता बाजार दिसतो. १९४० मध्ये त्यांनी १५ सेंटिमीटरची पायदळी तोफ तिच्या चाकांसकट उचलली आणि पॅन्झर-१ रणगाड्याच्या इवल्याशा चॅसीवर ठेवली. चाकेसुद्धा काढली नाहीत! अशा ३८ गाड्या झाल्या. फ्रान्समध्ये त्या उपयोगी पडल्या, पण चॅसी मोडकळीला येत. हीच तोफ लांबवलेल्या पॅन्झर-२ वर नीट बसवून १२ गाड्या लिबियाला पाठवल्या, तर तिथल्या उन्हात इंजिने तापू लागली.

याच गोंधळातून आल्फ्रेड बेकर हा गृहस्थ पुढे आला. क्रेफेल्डचा कारखानदार, राखीव दलातला तोफखान्याचा अधिकारी. पराभूत ब्रिटिशांनी मागे टाकलेल्या हलक्या रणगाड्यांवर त्याने आपल्या तोफा चढवल्या आणि स्वतःची बॅटरी, म्हणजे तोफांची तुकडी, स्वतःच पट्ट्यांवर आणली. वरिष्ठांनी त्याची ही हुशारी हेरली आणि फ्रान्समध्ये त्याला मोठे काम मिळाले. पडून असलेले फ्रेंच ट्रॅक्टर आणि रणगाडे शोधायचे, उघडायचे आणि त्यांच्यावर जर्मन तोफा बसवायच्या. लोरेन ट्रॅक्टरवरची तोफ हे त्याचे सर्वांत यशस्वी काम. १९४४ च्या उन्हाळ्यात नॉर्मंडीत ब्रिटिश रणगाड्यांचा मोठा हल्ला अडवण्यात त्याच्या गाड्यांचा वाटा होता. पूर्व आघाडीवर हाती लागलेल्या रशियन ७६.२ मिलिमीटर तोफा मार्डर या रणगाडाविरोधी गाड्यांवर बसल्या, तोही याच जातीचा उद्योग. शत्रूचे सामान वापरण्यात जर्मनांना कमीपणा वाटत नसे.

पण इथेच त्यांचे दुखणेही होते. प्रत्येक हुशारीतून एक नवा नमुना आणि प्रत्येक नमुन्याला वेगळे सुटे भाग. पन्नास गाड्यांना एक प्रकारचा गिअरबॉक्स, दुसऱ्या शंभरांना दुसरा. व्हेस्पे आणि हुम्मेल या त्यांच्या नीट घडवलेल्या फिरत्या हाउवित्झर १९४३ मध्ये आल्या. दोन्ही मिळून जवळपास चौदाशे झाल्या. सगळ्या पूर्व आघाडीपुढे हा आकडा काय पुरणार? दरम्यान कृपचे रचनाकार 'ह्यूश्रेके' नावाच्या गाडीत गुंतले होते. तिचा तोफेसह बुरूज गाडीवरच्याच यारीने उतरवून जमिनीवर ठेवता येई. कल्पना नामी, चित्रात तर फारच छान. दोन-तीन नमुन्यांपलीकडे गेली नाही. १०.५ सेंटिमीटरची लांब नळी बसवलेल्या 'डिकर माक्स'च्या दोन गाड्या झाल्या, १२.८ सेंटिमीटरच्या 'श्टुरर एमिल'च्याही दोनच. एमिलची एक गाडी स्टालिनग्राडजवळ रशियनांच्या हाती लागली, तेव्हा तिच्या नळीवर २२ बळींच्या खुणा रंगवलेल्या होत्या. दोन गाड्यांनी युद्ध फिरत नाही.

आता ते राक्षस. कार्ल ही फिरती उखळी तोफ १२४ टनांची, नळी ६० सेंटिमीटरची, जड गोळा दोन टनांहून अधिक. चाल माणसाच्या पावलांइतकी, म्हणून लांबच्या प्रवासाला दोन खास रेल्वे वाघिणींच्या मध्ये लटकवून न्यायची. एकूण सात झाल्या. सेव्हास्तोपोल आणि वॉर्सा इथे त्यांनी हाहाकार केला, नाही असे नाही. पण एकेका गाडीमागे लागणारी माणसे, याऱ्या आणि रेल्वे पाहिली की हा सगळा खटाटोप शहराला धडकी भरवण्यापुरता होता असे वाटते. १७ सेंटिमीटरची तोफ लांबवलेल्या टायगर चॅसीवर बसवायचा प्रयत्न त्याहून केविलवाणा. १९४५ मध्ये हाउस्टेनबेकच्या मैदानावर दोस्त सैन्याला तिचा अर्धवट राहिलेला एकच नमुना सापडला. अमेरिकाही यातून सुटली नाही. जपानवरच्या स्वारीसाठी २४० मिलिमीटर हाउवित्झरच्या फिरत्या गाड्या सुरू केल्या. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या झाल्या आणि युद्ध संपले.

रशियन रचनाकार ग्राबिन यानेही केव्ही चॅसीवर २०३ मिलिमीटरची हाउवित्झर चढवली. गोळा सुटला की गाडी मागे घसरायची आणि माणसे जागेवरून फेकली जायची. पण ती रद्द होण्याचे अधिक पक्के कारण वेगळेच आहे. तोवर ती चॅसी आणि ती तोफ, दोन्हींचे उत्पादन थांबले होते. जर्मनांच्या फर्डिनांड गाडीचेही असेच. पोर्शेला टायगरचे कंत्राट मिळेल या आशेवर बनवून ठेवलेल्या नव्वदेक चॅसी वाया जाऊ नयेत म्हणून त्यांच्यावर ८८ मिलिमीटरची लांब तोफ बसवली. कुर्स्कला ती लांबून भेदक ठरली, पण जवळ आलेल्या पायदळाला हटवायला तिच्याकडे मशीनगन नव्हती, आणि बिघडलेल्या गाडीला सुटे भाग देणारा कारखाना मागे नव्हता. हाताशी असलेली चॅसी आणि उरलेली चॅसी यांत हा फरक आहे.

अमेरिकेचा एम-७ हा त्या मानाने नीरस प्रयोग, आणि म्हणूनच सरस. एम-३ रणगाड्याची चॅसी, १०५ मिलिमीटरची हाउवित्झर, वर उघडे. मशीनगनचे गोल कडे चर्चमधल्या व्यासपीठासारखे दिसे, म्हणून ब्रिटिशांनी तिला प्रीस्ट म्हटले. अल अलामेनच्या दुसऱ्या लढाईत ती त्यांच्या हाती होती. गाडी बुटकी ठेवण्याच्या नादात तिची नळीही ३५ अंशांवर अडली आणि कोरियाच्या डोंगरांत ते इतके नडले की तोफेची बैठक उंच करावी लागली. तरी चार हजारांहून अधिक बनल्या. ब्रिटिशांची तक्रार एवढीच की १०५ चा गोळा त्यांच्या पुरवठ्यात बसेना. कॅनडाने तोडगा काढला. आपल्या रॅम रणगाड्याच्या चॅसीवर २५ पौंडी तोफ, नाव सेक्स्टन, मॉन्ट्रियलच्या इंजिन कारखान्यात २,१५० गाड्या. बिशपला जे जमले नव्हते ते हिने साधले. आणि सेक्स्टन व ओढत्या २५ पौंडी तोफा आल्यावर रिकाम्या झालेल्या सत्तरच्या वर प्रीस्टांच्या तोफा काढून, ऑगस्ट १९४४ मध्ये कॅनडाच्या सायमंड्स या सेनापतीने त्यांच्यात पायदळ बसवले. चिलखती वाहनातून शिपाई नेण्याची आजची पद्धत तेव्हा कामाला लागली.

अमेरिकेच्याच एम-१२ ने कागदावर निर्णय घेणाऱ्यांना चांगला धडा दिला. पहिल्या महायुद्धातली फ्रेंच १५५ मिलिमीटरची तोफ एम-३ च्या चॅसीवर, मागे जमिनीत रोवायला मोठे फावडे. शंभर बनल्या आणि वरिष्ठांनी ठरवले की असल्या तोफेची गरज नाही. गाड्या कोठारात आणि प्रशिक्षणात गेल्या. नॉर्मंडीची तयारी सुरू झाल्यावर आठवण झाली. १९४४ मध्ये ७४ दुरुस्त करून युरोपात पाठवल्या. गाडीत फक्त दहा गोळे, म्हणून प्रत्येकीसोबत दारूगोळ्याची दुसरी गाडी. सीगफ्रीड तटबंदीच्या काँक्रीटच्या मोर्च्यांवर, आखेनच्या इमारतींवर त्या समोरून, नळी सरळ धरून मारा करत. ज्या तोफेची गरज नव्हती तिच्याविना पुढे सरकायला पायदळ तयार नसे.

ब्रिटिशांची आर्चर शेवटी सांगतो, कारण ती मला आवडते. १७ पौंडी रणगाडाविरोधी तोफ व्हॅलेंटाइनवर मावेना, तेव्हा ती उलटी, मागे तोंड करून बसवली. चालकाची पाठ तोफेकडे. गोळा सुटला की तोफेची मागची बाजू थेट त्याच्या जागेवर येई, म्हणून मारा करताना चालकाने उतरून जायचे. पण दबा धरून मारा करायचा आणि तोंड न फिरवता पुढच्या पुढे पळायचे, याला ती उत्तम होती. साडेसहाशेच्या आसपास झाल्या.

या सगळ्यावरून 'जुगाड करा, जिंका' असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण तो अर्धाच खरा. बेकरने जुगाड केला आणि कोटिननेही. फरक मागच्या कारखान्यात होता. जुगाडामागे रोज त्याच चॅसी ओतणारी साखळी असेल तर तो प्रयोग शस्त्र बनतो. नसेल तर तो एका बॅटरीची हकिगत बनून राहतो. सोव्हिएत आणि अमेरिकी मोजक्या नमुन्यांवर थांबले, जर्मन थांबू शकले नाहीत.

हीच सांगड आपल्याकडेही दिसते. भारतीय सैन्याकडे स्वातंत्र्यानंतर सेक्स्टन होत्या. पुढे १९८०च्या दशकात आवडी येथे बनणाऱ्या विजयंत रणगाड्याची लांबवलेली चॅसी आणि हाताशी असलेली रशियन १३० मिलिमीटर तोफ एकत्र आणून कॅटापल्ट बनवली गेली. वर सपाट छप्पर, बाजू उघड्या. १९४३ च्या कोणत्याही कारखान्यात खपून गेली असती. सुमारे १७० झाल्या. त्यानंतर अर्जुनच्या चॅसीवर दक्षिण आफ्रिकेचा बुरूज बसवायचा 'भीम' प्रकल्प आखला. तो बुरूज बनवणाऱ्या कंपनीवरच्या बंदीमुळे २००५ मध्ये अडकला आणि पुढे गेलाच नाही. नाशिकजवळच्या देवळाली तोफखाना केंद्रात ९ नोव्हेंबर २०१८ रोजी कोरियन रचनेची के-९ वज्र सैन्यात दाखल झाली, तोवर पट्ट्यांवरची लांब पल्ल्याची तोफ म्हणून आपल्याकडे ती ओबडधोबड कॅटापल्टच होती. वज्रच्या पहिल्या शंभर तोफा २०२१ पर्यंत मिळाल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये आणखी शंभरांचा करार झाला.